रिकाम्या पोटाची वेळ

ग्रंथालयातल्या बाईंची थायरॉईड ग्रंथी मंदावल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे झाले असे, की काउंटरवर त्यांना डुलकी लागली आणि परतीच्या तारखेचा शिक्का पुस्तकाऐवजी स्वतःच्याच मनगटावर उमटला. मुख्य ग्रंथपालांनी तीन महिन्यांची मुदत दिली. तोवर तरतरी आली नाही, तर तळघरातल्या जुन्या फायलींकडे बदली.

डॉक्टर म्हणाले, "सगळं खा, बेताचं खा. फक्त ही गोळी पहाटे रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्या. पुढे अर्धा तास काही नाही."

इतक्या सोप्या सल्ल्यावर कुणाचा विश्वास बसणार? बाईंचे यजमान कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. हाताला काम नव्हतेच. त्यांनी त्याच संध्याकाळी आहार समिती नेमली. सदस्य ते स्वतः, बाईंची नणंद आणि शेजारचे विमा एजंट, कारण त्यांच्या मेहुणीला हाच आजार होता.

"कोबी बंद," नणंद म्हणाली.

"फ्लॉवरसुद्धा," एजंट म्हणाले.

"अहो, पण डॉक्टर तर—"

"डॉक्टरांचं म्हणणं फायलीला लावलंय," यजमानांनी बाईंना गप्प केले.

महिन्याभरात बंदीचा तक्ता फ्रिजचे दार ओलांडून भिंतीवर गेला. मग नुसत्या बंदीने भागेना. पाचला भिजवलेल्या बिया, सव्वापाचला काकडीचा रस, साडेपाचला लिंबूपाणी, सहाला अक्रोड. गोळीला लागणारे रिकामे पोट वेळापत्रकात कुठेच बसेना. शेवटी खाली बारीक अक्षरात टीप पडली: 'गोळी, सवड मिळाल्यास.'

तीन महिन्यांनी रक्ताच्या अहवालातला ग्रंथीच्या मंदपणाचा आकडा दुप्पट झाला. बाई हातापाया पडल्यावर ग्रंथपालांनी एक महिना वाढवून दिला. घरी यजमान गंभीर झाले.

"समितीला आणखी एक जाणकार सदस्य हवा."

"अहो, मी मरेन हो अशाने!" बाईंना रडू कोसळले. अश्रूंतून किती मीठ गेले, याची नोंद घेण्यात आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला बाई न्हाणीघरात शिरल्या, आतून कडी घातली, नळाच्या पाण्याबरोबर गोळी गिळली आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या. सातव्या मिनिटाला यजमानांनी दार वाजवले.

"काय खातेयस गं आत?"

"काही नाही!"

"काहीच नाही? मग बिया तरी घे!"

बाईंनी नळ मोठा सोडला.

तुमच्याही ओळखीत कुणीतरी कसल्याशा रसाने महिन्यात खडखडीत बरे झाले असेलच. बाईंना ते सांगायला तुमची जीभ केव्हाची वळवळते आहे. या ना, समितीतली ती जागा अजून रिकामीच आहे. दाराशी उभे राहा. बाई आणखी तेवीस मिनिटे बाहेर येणार नाहीत.