सोपानअण्णा पाय बघतात

सोपानअण्णांना माणसांचे चेहरे आठवत नाहीत, पाय आठवतात. जालना एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात आम्ही शेजारी शेजारी काम करतो. तरी मी दिवाळीला नवे बूट घातले, तर मान वर न करता म्हणाले, "कोण पाव्हणे?"

अण्णांना बेसबॉलचं वेड. "ते क्रिकेटसारखंच ना?" असं कुणी म्हणालं, की त्यांचा दिवस नासतो. दर रविवारी माझ्या गाडीवर मागं बसून ते गावोगावच्या मैदानांवर खेळाडू शोधत फिरतात. हे काम त्यांना कुणीही दिलेलं नाही. मैदानाच्या कडेला ते चक्क आडवे होतात. "बॉल तर समदेच बघतेत. तू पाय बघ, लेका!"

वडीगोद्रीची शीतल त्यांना अशीच सापडली. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभी राहायची, आणि सरपटत आलेला चेंडू खुशाल तिच्या हातांखालून निघून जायचा. मी नाक मुरडलं. अण्णा म्हणाले, "हात कच्चे हायेत, पाय बराबर हायेत. पोरगी तयार होऊन राह्यली." दोन वर्षं आम्ही तिच्या हातांची वाट पाहिली. बारावी होईतो तिच्या बाजूनं चेंडू जाईनासा झाला.

पुण्याला खेळाडूंच्या वसतिगृहात तिची निवडही झाली. चाचणीला ती चुलतीच्या आधारानं, घरी न सांगता गेली होती. आता राहिली वडिलांची परवानगी. "रविवारी पोरीबद्दल बोलायला येतो," असा अण्णांनी निरोप धाडला आणि मला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला.

दोन माणसं दोन वर्षं एका मुलीला बघतात, त्यातलं एक बिनलग्नाचं, आणि रविवारी इस्त्री करून घरी येतात. गावानं काय समजायचं?

सतरंजी अंथरलेली. मामा हजर. शीतल साडीत, गाल फुगवून, पोह्यांचा ट्रे घेऊन आली. मामांनी माझा पगार विचारला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि घशात शेंगदाणा अडकला. अण्णांचं लक्ष अर्थात खाली.

"चालून दाखव, बाई," मामा म्हणाले.

"चालून कशाला?" अण्णा ओरडले. "डावीकडं सरकून दाखव!"

शीतलनं पदर खोचला आणि ट्रेसकट अशी सरकली, की एक पोहा सांडला नाही. मग तिचे वडील दामूभाऊच आधी हसले.

खरं काय ते सांगितल्यावर मात्र त्यांचं हसू मावळलं. "हिची माय गेल्यापासून घरात आमी दोघंच. ही गेल्यावर म्या काय करू?"

अण्णांनी पहिल्यांदाच कुणाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "धाडा तिला, भाऊ. बाकीचं मी बघतो."

शीतल पुण्याला गेली. पुढच्या रविवारी अण्णा नेहमीसारखे माझ्या दारात. मला वाटलं, आता भोकरदनकडे नवा खेळाडू शोधायचा.

"वडीगोद्री," ते म्हणाले.

"अण्णा, तिथं आता कोण खेळतंय?"

"खेळत कुणीच न्हाई. दामूभाऊ हाय ना." वहिनी गेल्यापासून अण्णा एकटेच राहतात, मूलबाळ नाही, पण त्यावर ते कधी बोलले नव्हते. गाडीवर बसता बसता म्हणाले, "रिकाम्या घरात रविवार सरत न्हाई, लेका. माझे तुझ्यामागं बसून सरले. त्याचे कुणी सारायचे?"