कंपनीचा की कुर्ल्याचा

नंदकिशोर परुळकरांच्या गाडीचा सेल्फ गेला, तेव्हा त्यांना मुलुंडच्या त्या सोसायटीत राहायला येऊन चार महिने झाले होते आणि चार महिन्यांत त्यांच्याशी एकही माणूस धड बोलला नव्हता. कारण गाडी. साल पंचाऐंशी, आणि त्या इमारतीत दुसऱ्या कोणाकडे गाडी नव्हती. परुळकरांचीही काही नवी नव्हती. ते मरोळच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि तिथल्या साहेबांनी काढून टाकलेली गाडी त्यांनी हौसेनं घेतली होती. पण गाडीवाला तो गाडीवाला. लोक नमस्कार करत आणि जिना चढून जात. वसुधाबाईंना हळदीकुंकवाचं बोलावणं नाही की परुळकरांना गच्चीवरच्या पत्त्यांच्या डावाला हाक नाही. परुळकर गिरणगावातल्या चाळीत वाढलेले. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी चार शब्द बोलल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

त्या सकाळी त्यांनी चावी फिरवली तर इंजिनानं नुसतं 'टक्' केलं. दुसऱ्यांदा फिरवली तर तेही केलं नाही. पहिल्या मजल्यावरचे काशीराम तावडे डबा घेऊन खाली उतरत होते. तावडे छापखान्यात कामाला, मूळचे मालवणकडचे. त्यांनी खिडकीतून आत डोकावलं.

"सेल्फ गेलो तुमचो," ते म्हणाले. "आता ढकलूक होयी."

तावड्यांनी डबा बॉनेटवर ठेवून मागून जोर लावला. गाडी हलेना. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे अंबादास टिपणीस आले. टिपणीस सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यांच्या न्हाणीघराचं पाणी तावड्यांच्या छतातून गळायचं, त्यामुळे दोघांत दोन वर्षं अबोला होता. पण अडल्या माणसाकडे पाठ करून जाणंही बरं दिसेना. त्यांनी तावड्यांपासून हातभर अंतर राखून दुसऱ्या कोपऱ्याला हात लावला. आणखी तिघं आले. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि खोकत खोकत सुरू झाली. बॉनेटवरचा डबा मात्र तावड्यांना धावत जाऊन पकडावा लागला.

"बसा, स्टेशनपर्यंत सोडतो," परुळकर म्हणाले.

पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. मग टिपणीस रुमालानं हात पुसत म्हणाले, "ढकललीच आहे, तर बसू." आणि सगळे बसले.

दुसऱ्या दिवशी पाचही जण वेळेवर गाडीपाशी हजर. आठवडाभरात तो रिवाजच झाला. बायका गॅलरीतून 'डावीकडे घ्या', 'आता सोडा' असे हुकूम सोडू लागल्या. परुळकरांना पत्त्यांना हाक आली. टिपणिसांच्या नीलाताई वसुधाबाईंना हळदीकुंकवाला घेऊन गेल्या. मरोळला कारखान्याच्या फाटकासमोर उतार होता, म्हणून संध्याकाळची चिंता नव्हती.

आता राहिला प्रश्न नव्या सेल्फचा. तो गाडीत बसल्या बसल्या रोज निघे.

"परुळकर, कंपनीचाच घ्या," टिपणीस म्हणत. "त्या दुकानाच्या मुंबईत पाच शाखा आहेत, एक आपल्या अंधेरीला. सीलबंद खोका, छापील पावती, गॅरंटी. माणसाला रात्री झोप लागते."

"ह्यांका सांगा, खोक्यानं गाडी चालू होत नाय," तावडे परुळकरांना म्हणत. "कुर्ल्याक माझो एक ओळखीचो असा. जुनो सेल्फ खोलतलो, नवी तार गुंडाळतलो, ब्रश बदलतलो. निम्म्या पैशांत काम."

"आणि त्यात कुठल्या भंगाराचं काय घालील, ते ह्यांना विचारा."

"भंगार तर भंगार. जुन्या गाडीक जुनोच माल बरो. नव्यात तसा लोखंड खंय रवला?"

तिसऱ्या आठवड्यात दोघं परुळकरांना मध्ये न घेता थेट भांडू लागले. दोन वर्षांचा अबोला एका सेल्फपायी संपला. परुळकर कुर्ल्याकडे झुकले की टिपणीस कुणा भाच्याची गाडी पवईच्या तलावापाशी भर दुपारी कशी पेटली ते रंगवून सांगत. कंपनीकडे झुकले की तावडे कुणा मेहुण्याला सीलबंद खोक्यात गंजका सेल्फ कसा मिळाला ते सांगत. परुळकर दोन्ही बाजूंना मान हलवत आणि गाडी चालवत. इतकं सुख त्यांना चाळ सोडल्यापासून मिळालं नव्हतं.

"तुमच्या लक्षात येतंय का?" एकदा वसुधाबाई म्हणाल्या. "हे दोघं भांडत राहिले, तर तुम्ही एकही सेल्फ घेणार नाही. तेच हवंय त्यांना."

"असू दे गं," परुळकर म्हणाले. "बोलतात तरी."

हे असंच चाललं असतं, पण घाटकोपरला वसुधाबाईंच्या भाचीचा साखरपुडा निघाला. परुळकर बायकोला गाडीतून घेऊन गेले आणि गाडी मुद्दाम उतारावर लावली. साखरपुडा झकास झाला. निघायच्या वेळी पाहतात तर उताराच्या तोंडाशी पाण्याचा टँकर आडवा उभा आणि त्याचा ड्रायव्हर जेवायला गेलेला. आता गाडी उलट, चढावर ढकलणं आलं. वसुधाबाईंच्या बहिणीचे यजमान, म्हणजे परुळकरांचे साडू माणिकराव, मुलीचे वडील म्हणून रेशमी धोतर नेसून दारात उभे होते. ते पुढे झाले. मग मुलाकडच्या मंडळींनाही मागे राहता येईना. नवऱ्या मुलाचे काका, मामा, सगळे कोट काढून लागले. चढ संपला, गाडी अचानक सुरू झाली, आणि माणिकरावांचं धोतर पुढच्या बंपरला अडकलं होतं हे फार उशिरा कळलं. गाडी मागे गेली, माणिकराव पुढे राहिले आणि धोतर दोघांच्या मध्ये. व्याह्यांनी सभ्यपणानं आकाशाकडे पाहिलं.

मुलुंडपर्यंत वसुधाबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. घरात आल्यावर बोलल्या.

"येत्या रविवारपर्यंत ही गाडी चावीनं सुरू झाली नाही, तर मी हिच्यात पाय ठेवणार नाही. कंपनीचा बसवा, कुर्ल्याचा बसवा, नाहीतर बैल जुंपा."

परुळकरांनी रजा टाकली, जुना सेल्फ काढून पिशवीत घातला आणि आधी अंधेरीची शाखा गाठली. आत पंखे, काचेची कपाटं, टाय लावलेला विक्रेता. त्यानं जाडजूड पुस्तक चाळलं. "हे मॉडेल बंद झालंय, साहेब. मागवून देऊ. दोनेक महिने धरा."

दोन महिने वसुधाबाई धरणार नव्हत्या. परुळकर तिथून थेट कुर्ल्याला गेले. तावड्यांचा माणूस ऑइलच्या डबड्यावर बसला होता. त्याच्यामागे मांडणीवर दुरुस्त केलेले सेल्फ ओळीनं मांडले होते. जुना द्यायचा आणि त्यातला एक उचलायचा, अशी तिथली पद्धत. परुळकरांनी धाकधुकीतच एक उचलला.

"ये किसका था?" त्यांनी विचारलं.

"अब आपका है, साहब," तो म्हणाला आणि पुढच्या कामाला लागला. रात्री सगळे झोपल्यावर परुळकरांनी तो गाडीत बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही ढकलकरी बाह्या सरसावून उभे होते. परुळकरांनी चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली.

"ऐका," टिपणीस म्हणाले. "हा कंपनीचा आवाज."

"खंयचो कंपनीचो. कुर्ल्याचो असा तो," तावडे म्हणाले.

खरं सांगितलं तर एक जण दुखावणार आणि दुसरा शेफारणार. "बसा ना," एवढंच परुळकर म्हणाले.

कोणी हललं नाही. सरसावलेल्या बाह्यांचं काय करावं ते कुणाला कळेना. मग टिपणीस म्हणाले, "नको, आज जरा चालतो. डॉक्टरांनी सांगितलंय." तावड्यांच्याही डॉक्टरांनी सांगितलं होतं. उरलेल्या तिघांच्याही. सबंध सोसायटीला एकाच दिवशी चालायला सांगणारा असा कुठला डॉक्टर मुलुंडात आहे, याचा विचार करत परुळकर एकटेच गेले.

खरी गोष्ट अशी होती की ढकलून बसलं की ती कमाई आणि आयतं बसलं की उपकार. आपल्या माणसाला उपाशी राहता येतं, उपकारात राहता येत नाही. परुळकरांनी आठवडाभर दार उघडून धरलं आणि आठवडाभर डॉक्टर आडवा आला. पत्त्यांची हाक थांबली. हळदीकुंकू लांबणीवर पडलं. टिपणीस आणि तावडे जिन्यात समोरासमोर आले तरी पुन्हा भिंतीकडे बघू लागले. ठणठणीत सेल्फ असलेल्या गाडीत परुळकर एकटे बसून जात आणि त्यांना अगदी रडू येई.

शेवटी त्यांनी ठरवलं. सोमवारी पहाटे, दूधवाला यायच्या आधी, ते पाना वर्तमानपत्रात गुंडाळून खाली उतरले. सेल्फची तार तेवढी सैल करायची. कोणाला कळायचं कारण नव्हतं.

जिन्याच्या तळाशी ते थबकले. गाडीचं बॉनेट आधीच उघडं होतं. टिपणीस टॉर्च धरून उभे होते आणि तावडे पक्कड घेऊन आत वाकले होते.

"हळू. ती बॅटरीची आहे," टिपणीस कुजबुजले.

"माका शिकवू नको रे. टॉर्च नीट धर."

"तोडू नकोस. नुसती काढ. त्यांचं नुकसान नको."

परुळकर आल्या पावली वर गेले आणि पाना कपाटात ठेवला. वसुधाबाई खिडकीशी उभ्या होत्या. "रविवारी मला डोंबिवलीला जायचंय," त्या म्हणाल्या. "तेवढ्यापुरती तार लावून घ्या." आणि त्यांनी सहा कपांचं आधण ठेवलं.

नेहमीच्या वेळी परुळकरांनी चावी फिरवली. गाडीनं हूं की चूं केलं नाही. पाचही जण लगबगीनं जवळ आले. त्यात एकाच्याही डॉक्टरांची हरकत दिसली नाही.

"तरी सांगत होतो, कंपनीचा घ्या," टिपणीस हळहळून म्हणाले.

"कंपनीचोच असतलो, म्हणान गेलो," तावडे म्हणाले आणि त्यांनी मागच्या बंपरला हात लावला. टिपणिसांनी त्यांच्या खांद्याला खांदा भिडवला. "आता ह्या वेळेक तरी कुर्ल्याचो घ्या, परुळकर," तावडे पुढे म्हणाले.

परुळकरांनी आरशात पाचही चेहरे डोळे भरून पाहून घेतले.

"बघू," ते म्हणाले. "नीट विचार करूनच घेऊ. घाई नको."