पाठ फिरवली की शर्ट असतो का?

मी मुळातच वेंधळी. पण त्या सकाळी नुसती वेंधळी नव्हते, विचारही करत होते. माझ्या बाबतीत हे दोन्ही एकदम होऊ नये, असं घरात सगळ्यांचं मत आहे.

झालं काय, चहा पिताना लेक म्हणाली, "आई, हे सगळं जग म्हणजे कुणीतरी कॉम्प्युटरवर चालवलेला खेळ असू शकतो. आपण बघतो तेवढंच दाखवतात. पाठ फिरवली की बंद!"

"बंद कशाला?"

"वीज वाचते ना."

वीज वाचते म्हटल्यावर मला लगेच पटलं. (चालवणारी बाईच असणार.)

आमचे हे आंघोळीला गेले होते. कितीतरी महिने घरी बसल्यावर आज मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, घड्याळाच्या कारखान्यात तपासनीस म्हणून. धड शर्ट एकच, आणि तो माझ्या इस्त्रीखाली. खिडकीतल्या उन्हात धुळीचे कण तरंगत होते, कुणीतरी एकेक करून सोडल्यासारखे. समोरच्या गच्चीवर एक चादर फुगत होती, बसत होती. वाटलं, मी बघतेय म्हणूनच फुगतेय बिचारी. मग या शर्टाचं काय? बघू तरी, म्हणून इस्त्री तशीच ठेवून मी पाठ फिरवली.

काय शांत वाटलं! मागे काहीच नाही. शर्ट नाही, इस्त्री नाही, मुलाखतीची धाकधूक नाही. चादर फुगली, बसली. मग करपल्याचा वास आला. म्हटलं, वा, वाससुद्धा घातलाय की खेळात!

"अगं, काय जळतंय?" हे आंघोळीहून धावत आले.

शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा अख्खा तपकिरी ठसा.

"अहो," मी हळूच म्हटलं, "जगच खरं नसेल कदाचित."

त्यांनी शर्टाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कोट दे."

दिवसभर माझा जीव टांगणीला. संध्याकाळी आले ते कोट हातावर घेऊन.

"अहो, कोट काढलात?"

"साहेबांनीच काढायला लावला, पंखा बंद होता. पाठ बघून म्हणाले, हे काय? खरं ते सांगितलं. बायको जग खरं आहे का ते तपासत होती."

"अगंबाई! मग?"

"पोट धरून हसले. म्हणाले, ज्याच्या घरी जगसुद्धा तपासून घेतात, तो आमची घड्याळं काय सोडणार! सोमवारपासून या."

मी टाळीच वाजवली. "बघा! म्हणजे खेळ चालवणाऱ्या बाईनं सगळं आधीच ठरवलं होतं. मी आपली निमित्त!"

ते शर्टाची बटणं काढत म्हणाले, "मग तिला म्हणावं, सोमवारपर्यंत एक शर्ट पण ठरव. इस्त्री मी करीन."