बेडूकमास्तरची मिकदार

गणपत प्रोफेसर पंगतीत बसला की वाढणाऱ्याला घाम फुटायचा. वरण आलं की हा विचारणार, मीठ किती घातलं? वाढणारा म्हणायचा, अंदाजानं. "अंदाज म्हंजे किती? मिकदार सांग." मिकदार म्हंजे माप. निजामाच्या राज्यात हैदराबादेला डाक्टरकी सगळी उर्दूत शिकवायचे, अन् हा तिथं औषधांचे गुण शिकवायचा, म्हणून तो शब्द त्याच्या जिभेवर बसल्ता. त्याची आत्या वारली तेव्हा कुणी म्हणालं, म्हातारीची लई माया होती. ह्याच्या तोंडून सवयीनं "किती?" निघून गेलं. मंग सगळ्यांत जास्त हाच रडला.

आम्ही दोघं कुंभार पिंपळगावचे, एका गल्लीतले. मी तिसरीतून शाळा सोडली, तो पुढं गेला. पण दोघांत शहाणा कोण, हे मी कुणाला ठरवू दिलं न्हाई. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो यायचा अन् जाताना आमच्या विहिरीतले बेडूक ओल्या पोत्यात घालून जालन्याहून रेल्वेनं न्यायचा. बेडकाचं काळीज धाग्याला टांगायचं, त्यावर औषधाचा थेंब टाकायचा अन् ते किती उडतं त्याची रेघ काजळीच्या कागदावर उमटवायची, हा त्याचा उद्योग. गाव त्याला बेडूकमास्तर म्हणायचं. ते नाव मीच पाडल्तं.

माझ्याकडं विंचवाच्या उताऱ्याची मुळी होती, वडलांनी दिलेली. नाव सांगितलं की गुण जातो, अशी त्यांनी शपथ घातल्ती. गणपत दर साली विनवायचा, "दादा, एकदा पाल्यासकट दाखव." मी भाजून कुटलेली पूड द्यायचो. ओळखू येऊ न्हाई म्हणून तीत कधी ज्वारीचं पीठ घालायचो, कधी हळद. तिसरी शिकलेल्यानं प्रोफेसरला फिरवलं, ह्याची मला मोठी ऐट होती.

सात वर्षं त्या पुडीच्या त्याच्या रेघा एकीला एक जुळल्या न्हाईत. कॉलेजातले हसले, मोठी जागा दुसऱ्याला गेली. हे त्यानं न्हाई, त्याच्या घरवालीनं मला सांगितलं. मी ऐकून घेतलं अन् त्या सालीही पुडीत हळदच घातली.

रझाकारांचा गोंधळ माजायच्या आधल्या उन्हाळ्यात तो आला, तो सात बाटल्या घेऊन. माझ्या ओट्यावर ओळीनं मांडल्या. प्रत्येकीवर साल लिहिलेलं, खाली माझं नाव.

"ह्यात ज्वारी निम्मी. ह्यात हळद. भिंगाखाली सगळं दिसतं, दादा."

मला वर बघवेना. म्हणालो, मंग भांडला का न्हाईस?

त्यानं मधली बाटली उचलली. "ह्या साली नुसती राख होती. तेव्हा कळलं, तुझ्या घरात दाणा न्हाई."

त्या साली जालन्याहून बैलगाडीनं दोन पोती ज्वारी आल्ती. सासऱ्यानं धाडली असं मी धरून चाललो, वर म्हातारा उशिरा जागा झाला म्हणून नावंही ठेवली.

मुळीचं नाव ओठापर्यंत आलं. पण सांगितलं तर हारलो, असं वाटलं. मी विचारलं, चहा घेतो का?

तो म्हणाला, "घेतो. साखर दीड चमचा."

पुन्हा तो आला न्हाई. हैदराबादेतच तापानं गेला.

आता विचारेल त्याला, न विचारेल त्यालाही मी नाव सांगून राह्यलो. गुण जायचा तर जाऊ द्या. परवा नातवाला मुळी पाल्यासकट दाखवली. बरं म्हणून तो निघून गेला. किती द्यायची, हे अजून एकानंही विचारलं न्हाई.