बाबांच्या बुटांची मशागत

चामड्याच्या बुटांची निगा राखणं मी एका बैठकीत शिकेन, अशी माझी खात्री होती. कुठलंही काम हाती घ्यायचं तर आधी त्यावर मिळेल ते सगळं वाचायचं, ही माझी पद्धत. पोहायलाही मी अशीच शिकले आहे. पाण्यात तेवढी अजून उतरलेली नाही.

बूट बाबांचे. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि त्यांचे कामाचे बूट म्हणजे घोट्याच्या वरपर्यंत येणारे, तपकिरी, पुढच्या टोकात लोखंडी वाटी बसवलेले. दर रविवारी सकाळी मागच्या बाल्कनीत स्टुलावर बसून ते जुन्या बनियनच्या बोळ्यानं बुटांना मलम चोळत. ते गेल्यापासून बूट त्याच बाल्कनीच्या दाराआड तसेच होते, आणि घोट्यापाशी चामड्याला बारीक भेगा पडायला लागल्या होत्या.

मी फरशांच्या गोदामात काम करते. तिथे नवा नियम निघाला: सोमवारपासून ज्याला आत पाऊल टाकायचं त्याच्या पायात लोखंडी टोकाचे बूट हवेत. बाकीचे दुकानं शोधायला लागले, मी शांत राहिले. माझे पाय बाबांच्या मापाचे आहेत. लहानपणी आत्या म्हणायची, "पोरगी आईवर गेलीय, पण येताना पाय बापाचे घालून आलीय." तेव्हा मला राग यायचा. आता तो सगळा राग मी परत घेतला होता.

धास्ती एकाच गोष्टीची होती. बुटाच्या आत, तळाच्या चामड्यावर, बाबांच्या पावलाचा ठसा उमटलेला होता. टाच, चवडा, बोटांचे खळगे, सगळं. घरात त्यांचं असं तेवढंच उरलं होतं. म्हणून बाहेरचं चामडं वाचवायचं, पण आत बोटही लावायचं नाही, असं ठरवलं.

खरं तर आईला विचारायला हवं होतं. पण आमच्या घरात बाबांचं नाव निघालं की ज्याला त्याला काहीतरी काम आठवतं. आईला गॅस बंद केलाय का ते बघायचं असतं, धाकट्या भावाला फोन येतो, मला चष्मा सापडत नाही. तेव्हा बूट गुपचूप तयार करावेत आणि सोमवारी पायात घालून सरळ निघावं, म्हणजे बोलायला नको, असा माझा बेत होता.

बुधवारी संध्याकाळी आई शेजारी गेली तेव्हा मी कामाला लागले. ब्रशनं धूळ झाडली, ओल्या फडक्यानं पुसलं, वाळू दिलं, मग बोटांनी मलमाचा पातळ थर दिला. शिवणींमध्ये जरा दाबून. चामडं गडद झालं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. मलमानं रंग गडद होतो आणि दुसऱ्या दिवशी मूळ पदावर येतो, असं मी वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी रंग आणखी गडद झाला होता. शिवाय बुटांना आईच्या केसांच्या तेलाचा वास येत होता.

मी पुन्हा पुस्तकाकडे गेले. जुनं चामडं मुरलेलं तेल कधीकधी बाहेर टाकतं, असं एका ठिकाणी सापडलं. बाबाही तेच तेल लावायचे हे खरं, पण बूट ते डोक्यावर घालत नव्हते.

"आई, मागच्या बाल्कनीत गेली होतीस का गं?"

"मी? कपडे काढायला गेले असेन."

"काही दिसलं तिथे?"

"काय दिसणार? बाल्कनी दिसली." आई माझ्याकडे जरा निरखून बघायला लागली. "तुला काही दिसलं का?"

"छे."

दोघीही समाधानानं आपापल्या खोलीत गेलो. रंग उतरला नाही तर अजून एक पातळ थर द्यावा, असा सल्ला मला नंतर सापडला. मी दिला.

शुक्रवारी बूट काळे झाले.

पूर्ण काळे नव्हे. भाजताना अर्ध्यात गॅस संपलेल्या वांग्यासारखे, इथे काळे, तिथे तपकिरी. हात लावला तर चिकट. आणि इतके मऊ, की उभे केले की घोट्यापाशी मान टाकायचे, शेवटच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या मुलासारखे. मी बोट काळं करून सुन्न होऊन घरात आले, तर जेवणाच्या टेबलावर धाकटा बसला होता आणि त्याचीही नखं काळी होती.

"हे काय?" मी विचारलं.

"सायकलची चेन पडली होती."

त्याची सायकल त्यानं गेल्या वर्षीच विकली होती. पण हे मला आठवायच्या आत त्यानं विचारलं, "आणि तुझं बोट?"

"प्रिंटरची शाई," मी म्हणाले. आमच्याकडे प्रिंटर नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. पण त्या संध्याकाळी बाल्कनीत आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी हळूच म्हणाले, "बाबा, पुरे आता. फार होतंय." आणि मग रेलिंगला धरून उगाचच थोडा वेळ उभी राहिले.

शनिवारी मी आणखी वाचलं. जादा तेल ओढून घ्यायला चामड्यावर बारीक पावडर पसरून ठेवावी, असा उपाय मिळाला. आत पावडर जाऊ नये म्हणून मी बुटांच्या तोंडांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि अंगाला लावायच्या पावडरचा अख्खा डबा त्यांच्यावर रिकामा केला. बूट लग्नाच्या फोटोतल्या नवरदेवासारखे पांढरेफटक दिसायला लागले.

रविवारी सकाळी बघते तर पावडर गायब. बूट ओलेचिंब आणि व्हिनेगरचा भपकारा येतोय. पावडरीचं व्हिनेगर होतं असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. मी दोनदा बघितलं.

सोमवार तोंडावर आला होता. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी पावडरचा नवा डबा घेऊन चवड्यांवर बाल्कनीकडे निघाले. तिथून घूंऽऽ असा आवाज येत होता. दार ढकललं तर धाकटा उकिडवा बसून माझ्या केसांच्या ड्रायरनं बूट वाळवत होता.

"काय करतोयस?"

तो दचकला, पण ड्रायर बंद केला नाही. "ओले आहेत गं. कोणीतरी भिजवलेत."

"मी भिजवलेत," माझ्या मागून आई म्हणाली. तिच्या हातात व्हिनेगरची बाटली होती. "बुरशी आली होती त्यांना, पांढरीफटक. पुसून काढली सगळी."

"बुरशी कसली, ती पावडर होती. मी लावलेली."

"बुटांना पावडर? कुठे निघाले होते ते?"

"तेल ओढून घ्यायला, आई. फार तेलकट झाले होते."

आईनं बाटली पदराआड घेतली. "मी जास्त लावलं का?"

"तू तेल लावलंस?"

"रोज थोडं थोडं. तरी मी म्हणतेय, हे चामडं पितंय तरी किती."

"आणि हे काळं?"

धाकटा ड्रायरकडे बघत म्हणाला, "पॉलिश. माझ्या मुलाखतीच्या बुटांचं उरलेलं."

"अरे, बूट तपकिरी आहेत."

"होते," तो म्हणाला.

आता प्रश्न होता, कशासाठी. आईचं म्हणणं, बाबांच्या कंपनीनं धाकट्याला त्यांच्या जागी बोलावलंय, तो आज ना उद्या जाईल, त्याचे पाय रुंद, म्हणून चामडं सैल व्हावं. धाकट्याला जायचंच नव्हतं. आई फोनवर आत्याला म्हणाली होती, "बूट चांगले आहेत, कुणाच्या तरी उपयोगी पडतील." ते त्यानं ऐकलं आणि समजला, आई बूट परक्याला देऊन टाकतेय. द्यायचेच तर बाबांचे बूट चकचकीत होऊन जाऊ देत, म्हणून त्यानं पॉलिश केलं.

"मी तुझ्याबद्दल बोलत होते रे गाढवा."

"मग मला सांगायचं ना."

"तुम्ही तरी विचारलंत?" आई खाली बसली. "कसं सांगणार? बूट म्हटलं की हे येऊन उभे राहतात समोर."

ड्रायर चालूच होता. कुणालाही गॅस आठवला नाही, फोन आला नाही. माझा चष्मा माझ्याच डोळ्यांवर होता, फक्त त्यातून नीट दिसत नव्हतं.

"मला घालायचे आहेत," मी म्हणाले. "गोदामात. रोज."

आई माझ्या पायांकडे बघत राहिली. मग एकदम तिचा चेहरा उतरला. "आत कुणी काही लावलं नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

"वेडा आहे का मी," धाकटा म्हणाला.

आईनं पिशवी सोडली, डाव्या बुटात हात घातला आणि आत चाचपत राहिली. बराच वेळ. "आहे," ती म्हणाली. मग धाकट्यानं हात घातला, मग मी. तेल, पॉलिश, पावडर, व्हिनेगर, सगळं बाहेरच राहिलं होतं. अंगठ्याचा खळगा जागच्या जागी होता.

सोमवारी मी ते बूट घालून कामावर गेले. उजवा बूट चालताना चुकचुकत होता. गोदामाच्या दारात सुपरवायझरनं टोक दाबून बघितलं, लोखंड लागलं, मान हलवली. मग नाक वर करून म्हणाला, "मॅडम, वास कसला येतोय?"

"घरच्यांचा," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी आईनं जाहीर केलं की आता चोरून काही नाही, जे काय करायचं ते सगळ्यांनी मिळून. जेवण झाल्यावर आम्ही तिघं बाल्कनीत बसलो. आईनं डावा बूट मांडीवर घेतला, धाकट्यानं उजवा. दोघं एकमेकांच्या बोटावर मलम किती आहे यावर करडी नजर ठेवून होते, आणि मध्येच बाबा एकदा लिफ्टमध्ये स्वतःच अडकले होते ती गोष्ट सांगून हसत होते.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू त्या लेस धू," आई मान वर न करता म्हणाली.

मी धुतल्या. उद्या ते बूट मला घालायचे आहेत, जरा लवकर आटपा, हे त्या दोघांना सांगायची हिंमत मात्र मला झाली नाही.