वृंदाचा जौनपुरी आणि वाहतूक पास

१९९२च्या जानेवारीत बदलापुरातील रसिकांनी जंगलात जाऊन गाणे ऐकण्याचे ठरवले. वरकरणी यात बेकायदेशीर काही नव्हते.

कल्पना विष्णुपंत साठ्यांची. अंबरनाथच्या एका कारखान्यातून ते नुकतेच अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते आणि तीस वर्षे नाकात गेलेला धूर त्यांना आता एकदम बाहेर काढायचा होता. बारवी धरणाच्या बाजूच्या जंगलातली पायवाट, तिच्या पाच वळणांवर पाच कलावंत, आणि चालत चालत ऐकणारे श्रोते. नाव ‘वनस्वर महोत्सव’.

पाचव्या वळणावर वृंदा खरे गाणार होती. वृंदा टेलिफोन खात्यात ऑपरेटर. गावातल्या गानशिक्षिका माईंकडे तिने अकरा वर्षे गाणे शिकले होते, पण गावात कार्यक्रम ठरला की बाहेरून कोणीतरी मोठे गायक येत आणि वृंदाच्या हाती त्यांच्यामागचा तानपुरा येई. जंगलात, दगडावर बसून गायला या वेळी कोणीच मोठे तयार झाले नाही. त्यामुळे तिची निवड एकमताने झाली.

परवानगीसाठी विष्णुपंत वन कार्यालयात गेले. वनपाल भगवंत महाले सज्जन गृहस्थ. त्यांनी छापील अर्ज पुढे सरकवला. त्यात लाकूड, बांबू, मध, डिंक आणि ‘इतर गौण वनोपज’ एवढेच रकाने होते.

“गाण्याचा रकाना नाही हो,” विष्णुपंत म्हणाले.

“मग ‘इतर’मध्ये घाला. रिकामा अर्ज वर जात नाही.”

विष्णुपंतांनी सुवाच्य अक्षरात लिहिले: गाणी, नग पाच.

बारा दिवसांत मंजुरी आली. इतक्या लवकर आलेला सरकारी कागद माणसाने नीट वाचायला हवा. विष्णुपंतांनी पेढे वाटले.

रविवारी सकाळी एकशे चाळीस श्रोते पायवाटेला लागले. वाट दाखवायला पाड्यावरचा गोमा होता. टाळ्यांनी पाखरे बिथरतात म्हणून मंजुरीच्या अटींनुसार टाळ्यांना मनाई होती. दाद मान हलवून द्यायची होती. चौथ्या वळणापर्यंत निम्म्या श्रोत्यांच्या माना अवघडल्या होत्या.

पाचव्या वळणावर वृंदाने जौनपुरी राग लावला. पहिला षड्ज थरथरला. दुसरा जागेवर बसला आणि मग तिला माणसे दिसेनाशी झाली. बंदिश संपवून तिने डोळे उघडले तेव्हा एकशे चाळीस माना एका लयीत डोलत होत्या. उल्हासनगरचे कापडवाले चेतनदास डोळे पुसत म्हणाले, “बेटी, हम तो खाली नाश्ते के लिए आये थे. क्या गाया!” वृंदाला अकरा वर्षांचे पांग फिटल्यासारखे वाटले.

तिथून उतरून सगळे तपासणी नाक्यावर आले. नाक्यावर वनरक्षक महिपती मंजुरीची प्रत घेऊन उभा होता.

“अट क्रमांक नऊ,” तो म्हणाला. “जंगलात तयार झालेला माल पासाशिवाय बाहेर नेता येणार नाही.”

“पण माल कुठाय?” विष्णुपंतांनी रिकामे हात दाखवले.

“गाणी, नग पाच. तुमचीच सही आहे, साहेब. ती तयार झाली का?”

“झाली.”

“मग कुणाच्या तरी डोक्यात असतील. ज्यांना आठवतायत त्यांनी या बाजूला थांबा, पास उद्या ऑफिस उघडल्यावर मिळेल. ज्यांना आठवत नाहीत त्यांनी सरळ बसमध्ये बसा.”

मग गावातले नामांकित रसिक दिनानाथ पुढे झाले.

“काय ऐकलंत?” महिपतीने विचारले.

“विशेष काही नाही,” दिनानाथ म्हणाले आणि बसमध्ये चढले.

पुढच्यांनी तेवढाही विचार केला नाही. “मी मागे होतो.” “मला डुलकी लागली.” “गाणं होतं का? आम्ही सहलीला आलो होतो.” चेतनदास म्हणाले, “साब, मैं तो नाश्तेवाला आदमी हूँ.” वृंदा बाजूला तानपुरा धरून उभी होती. माणसामागून माणूस तिच्यासमोर, तिचे गाणे आठवत नसल्याचे सांगून जात होता. विष्णुपंत तर म्हणाले, “मी व्यवस्थेत होतो,” आणि तिच्याकडे न बघता चढले. बस सुटली.

राहिला गोमा.

“तुला आठवतंय का रे?”

“मना सगला आठवतंय,” गोमा म्हणाला, आणि तिथेच उभ्याने त्याने अख्खी बंदिश म्हणून दाखवली.

महिपतीचा चेहरा पडला. पंचनामा करायला पंच नव्हते, ते बसमधून गेले होते. त्याने नियमांचे पुस्तक काढले, बोट फिरवत वाचले आणि सुटकेचा श्वास सोडला. “स्थानिक रहिवासी. घरच्या वापरासाठी डोक्यावरून नेता येईल एवढा माल माफ. डोक्यातच आहे ना?”

“डोक्यातच हाय.”

“मग जा घेऊन.”

वृंदाला आधी रडू आले आणि मग हसू फुटले. “जा, पण चुकीचा नेऊ नकोस,” ती म्हणाली. “तिथला धैवत कोमल आहे. ये इकडे.” नाक्याचा आडवा बांबू ओलांडून ती पलीकडे गेली. तिथे जंगलाची हद्द संपत होती आणि गाणे तिने येतानाच डोक्यात आणले होते, म्हणून महिपतीची हरकत नव्हती. बांधावर बसून तिने जौनपुरी पुन्हा पहिल्यापासून गायला. गोमाची बायको तुळशी डोक्यावरची मोळी उतरवून ऐकत बसली. महिपतीने टोपी काढली. संपल्यावर तिघांनी सणसणीत टाळ्या वाजवल्या.

आज बदलापुरात ‘वनस्वर’ला हजर होतो असे सांगणारी किमान दोन हजार माणसे भेटतात, आणि वृंदाला आपणच प्रथम ओळखले असे त्यातला प्रत्येक जण सांगतो. तुम्ही मात्र मघापासून गालात हसताय, म्हणजे तुम्ही त्यांच्यातले नाही. छान. मग या असे पुढे, नाक्यावर उभे राहा आणि सांगा, काय ऐकलंत? जरा लवकर बोला, बस सुटतेय.