असा पेशंट इथं नाही!

माझ्या तोंडून एखाद्या पेशंटची माहिती काढून दाखवा, नोकरी सोडतो! कोल्हापुरातल्या आमच्या हॉस्पिटलच्या काउंटरवर बसून हे वाक्य मी रोज कुणाला तरी ऐकवायचो. डॉक्टर त्रिशला मॅडमनी 'रुग्णाची माहिती बाहेरच्यांना मिळणार नाही' अशी पाटी लावल्यापासून तर मला अंगावर वर्दी चढल्यासारखं वाटत होतं.

त्यात एका सकाळी बिद्रीकडचे बाबासो आले. एवढा दांडगा गडी, पण काउंटरवर वाकून कुजबुजायला लागला.

"मूळव्याधीचं ऑपरेशन हाय. गावात जोतिबाला जातो म्हणून सांगिटलंय. दूध संस्थेच्या चेअरमनकीला उभारलोय मी. गड्याला खुर्चीत बसाय येत न्हाय, हे त्या सयाजीला कळलं तर संपलो की!"

"काका, निर्धास्त राहा! कुणीही आलं तरी मी सांगणार, असा पेशंट इथं नाही!"

त्यांचा मोबाईलसुद्धा मी बंद करून कपाटात ठेवला. काम कसं, पक्कं!

ऑपरेशन झालं, काका वरच्या खोलीत गुंगीत झोपले. तेवढ्यात एक काकू डबा घेऊन आल्या.

"आमचं मालक कुठल्या खोलीत हाईत?"

"नाव?"

काकू लाजल्या. "राजवीरचं बाबा."

"अहो, पेशंटचं नाव सांगा!"

"नवऱ्याचं नाव घ्यायचं असतंय व्हय, पावणं?"

मला लगेच संशय आला. स्वतःच्या नवऱ्याचं नाव सांगत नाही? म्हणजे ही नक्की सयाजीनं पाठवलेली बाई!

"असा पेशंट इथं नाही!" मी ठणकावलं.

"न्हाई म्हंजे? सकाळी गेटपर्यंत मीच आलते की!"

"नाही म्हणजे नाही!"

काकूंनी नवऱ्याला फोन लावला. बंद! मग त्यांनी जो हंबरडा फोडला, त्यानं शेजारच्या बाकावरचा प्लास्टरवाला पेशंटसुद्धा उठून उभा राहिला. रडत रडत त्यांनी भावाला, ज्ञानूला, फोन केला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. काय हे नाटक, म्हणून मी मनातल्या मनात हसलो!

तासाभरात दारात जीपगाड्या लागल्या. एक, दोन, मग मोजायचं सोडून दिलं. अख्खं गाव आत घुसलं! सगळ्यात पुढे ज्ञानू, माझ्या नाकासमोर मोबाईल नाचवत. गावाच्या ग्रुपवर बाबासोंचा फेटा बांधलेला फोटो आणि खाली मजकूर: 'मूळव्याधीच्या ऑपरेशनला गेलेले आमचे दाजी दवाखान्यातून बेपत्ता. दिसल्यास कळवा.' देवळाच्या भोंग्यावरूनही पुकारून झालं होतं!

मी खुर्ची हळूच मागे सरकवली.

"राजकारण गेलं खड्ड्यात!" एक मिशीवाला काउंटरवर हात आपटून ओरडला. "मी सयाजी! आमचा माणूस कुठं हाय?"

सयाजी! साक्षात! मी डोळे मिटून म्हणालो, "असा पेशंट इथं..."

"मारला! ह्येनी मारला त्येला!"

"किडनी काढली असंल!"

कुणीतरी माझी कॉलर धरली, आणि तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "आरं, कोण मेलंय हितं?"

बाबासो! अंगात हॉस्पिटलचा हिरवा झगा, डोळ्यांत गुंगी. सगळं गाव जिन्याकडे वळलं. मग त्यांना सयाजी दिसला. चेहरा पांढराफटक पडला आणि ते गर्रकन वळून वर पळाले.

त्या झग्याच्या नाड्या मागून बांधायच्या असतात. त्या कुणी बांधल्याच नव्हत्या!

सगळे मोबाईल वर झाले. आणि पायरीवरून काकू किंचाळल्या, "बाबासोऽऽ! मागनं झाका!"

लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं म्हणे. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

मॅडम धावत आल्या, सगळ्यांचे मोबाईल खाली करायला लावले आणि मला म्हणाल्या, "आदर्श, वर जाऊन पेशंटला एकदा विचारायचं तरी, बायकोला वर सोडू का म्हणून!"

हे मला सुचलंच नव्हतं हो!

पुढे सयाजीनं अर्जच मागे घेतला आणि बाबासो चेअरमन झाले. केवढा दिलदार माणूस, असं मी भेटेल त्याला सांगत होतो. परवा तोंडाला मफलर गुंडाळून एक जण काउंटरवर आला. मफलर खाली केला, तर सयाजी!

"अर्ज का मागं घेतला, कळलं न्हवं? मला बी त्योच तरास हाय. ऑपरेशन करायचंय, पण गावात कळाय नगं."

मी छाती फुगवली. "काका, निर्धास्त राहा! कुणीही आलं तरी मी..."

त्यांनी घाईघाईनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"ते ऱ्हाऊ दे. तुमी रजेवर कवा हाय, तेवढं सांगा. त्या दिशी येतो!"